डागाची तारीख : सारवलेल्या अंगणापासून रंगीत काँक्रीटपर्यंत

(जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली लय शक्य तितकी तशीच ठेवली आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरे दिली आहेत.)

मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचतोय ना? बरं.

आजचा विषय वाचून दोघा-तिघांनी मला विचारलं, की सर, हा विषय इतिहासाचा आहे की ठेकेदाराचा? प्रश्न रास्त आहे. आपण इथे किल्ले, वाडे, ताम्रपट यांच्यावर बोलतो. मी आज बोलणार आहे बंगल्याच्या गेटपासून पोर्चपर्यंत घातलेल्या रंगीत काँक्रीटवर आणि त्यावर पडणाऱ्या डागांवर. पण ताम्रपट वाचणारा माणूस काय करतो? अक्षराचं वळण बघतो, झीज बघतो, आणि हे कधी आणि कोणत्या परिस्थितीत लिहिलं गेलं ते सांगतो. काँक्रीटवरचा डागही तसाच वाचता येतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की तो आधी वाचावा आणि मग पुसायला घ्यावा. मी स्वतः हे उलट्या क्रमानं केलं, आणि त्याची किंमत दुसऱ्या माणसानं मोजली. ती गोष्ट आधी सांगतो.

2022 च्या उन्हाळ्यात आम्ही प्राधिकरणातल्या घरासमोर स्टॅम्प काँक्रीट करून घेतलं. विटकरी रंग, त्यावर दगडी फरशीचा ठसा. छान दिसत होतं. दहा-बारा दिवसांनी वरचा कागद काढला तर मधोमध ढगांसारखे काळपट पट्टे. कुठे गडद, कुठे फिकट, त्यांच्यात सुरकुत्यांसारख्या रेषा. मी ठेकेदाराला म्हणालो, तुम्ही माल खराब वापरलात. तो म्हणाला, सर, माल एकच होता, एकाच दिवसाचा होता. मी ऐकलं नाही. शेवटच्या बिलातले साडेअठरा हजार रुपये अडवून ठेवले. तो मराठवाड्यातून आलेला माणूस, हाताखाली सहा बिगारी. दोन-तीनदा फोन केला, मग करायचा थांबला.

ही गोष्ट इथे सोडतो. तिच्याकडे परत यायचंच आहे.

सारवण : दुरुस्ती हाच दिनक्रम

पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ही मुळात गावं. त्या गावांतली घरापुढची जमीन म्हणजे शेणानं सारवलेलं अंगण. सारवण ही गंमतीची गोष्ट आहे. तो पृष्ठभाग टिकवायचा म्हणून केलेलाच नसतो. तो चार-आठ दिवसांनी पुन्हा करायचा असतो. पोपडा निघाला, कोंबडीनं उकरलं, पावसाचा ओघळ आला, तर पुढच्या सारवणात ते बुजतं. त्यामुळे अंगणावरचा डाग ही तक्रार नव्हती. दुरुस्ती आठवड्याच्या कामात धरलेली होती. अर्थात ती बाईच्या वाट्याला आलेली होती आणि तिचे पैसे कोणी मोजले नाहीत, हेही इतिहासात लिहिलं पाहिजे.

वाड्यांत दगडी फरसबंदी आणि चुना. चुन्याची घाणी, बैल, तासन्‌तास मळलेला चुना. पांढरा लोणा भिंतीला धरायचा, फरशीच्या सांध्यांतून वर यायचा. जुन्या गवंड्यांना त्याचं कारण ठाऊक होतं. ओल आतून येते, सोबत क्षार आणते, ओल उडून जाते आणि क्षार वर राहतात. म्हणून ते लोणा खरवडण्याआधी ओल कुठून येते ते शोधायचे. हे वाक्य लक्षात ठेवा, आपल्याला ते पुढे लागणार आहे.

कोबा, परमिट आणि कॉलनी

आता सिमेंट. 1824 साली इंग्लंडमध्ये लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिननं पोर्टलँड सिमेंटचं पेटंट घेतलं. नाव का पोर्टलँड? तर घट्ट झाल्यावर ते पोर्टलँडच्या इमारती दगडासारखं दिसतं म्हणून. म्हणजे सिमेंट दिसतं कसं, हा प्रश्न त्याच्या नावापासूनच सोबत आहे.

रंगीत सिमेंट आपल्याकडे काही काल आलेलं नाही. 1922 मध्ये सुरू झालेल्या भारत फ्लोअरिंग टाइल्स या कंपनीनं उरणच्या कारखान्यात नक्षीदार सिमेंटच्या लाद्या केल्या, आणि त्यामागे स्वदेशीची प्रेरणा होती. मुंबई-पुण्याच्या जुन्या घरांतल्या तशा लाद्या आजही रंग धरून आहेत. त्याचं एक कारण कारखान्याची शिस्त. रंगाचा थर मोजून घालायचा, साच्यात दाबायचा, आणि मग लादी पाण्यात बुडवून ठेवायची. प्रत्येक लादीला सारखं पाणी, सारखी सावली. घरात मात्र लाल ऑक्साईडचा कोबा व्हायचा. गवंडी गुडघ्यावर बसून गुरमाळ्यानं घोटायचा, आणि नंतर घरातली माणसं त्यावर पाणी साठवून ठेवायची.

पिंपरीत 1954 साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, तिची कॉलनी उभी राहिली. 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. त्या दशकात आकुर्डीला बजाज, पिंपरीला टेल्को. 1970 मध्ये नगरपालिका, 1972 मध्ये नवनगर विकास प्राधिकरण, 1982 मध्ये महानगरपालिका. अट्ठावीस वर्षांत शेताचं शहर झालं. कामगारानं प्राधिकरणात प्लॉट घेतला, घर बांधलं. पण सिमेंट तेव्हा नियंत्रणात होतं. परमिट काढायचं, रांगेत उभं राहायचं. 1982 मध्ये नियंत्रण अर्धवट उठलं, 1989 मध्ये पूर्ण उठलं. परमिटच्या काळात घरापुढची जागा सगळ्यात शेवटी व्हायची. स्लॅब झाला, प्लास्टर झालं, आणि उरलेल्या चार पोत्यांत पुढचा कोबा. त्यावर डाग असला तर असला. कोणी बघत नव्हतं, कारण तो मिरवायचा पृष्ठभाग नव्हता.

तो मिरवायचा पृष्ठभाग झाला तेव्हा डागाचा प्रश्न जन्माला आला.

चाकणची गुळगुळीत जमीन

चाकण म्हटलं की आपल्याला संग्रामदुर्ग आठवतो, 1660 चा वेढा आणि फिरंगोजी नरसाळा आठवतो. नंतरचं चाकण म्हणजे कांद्याचा बाजार. 1999 मध्ये तिथे बजाजचा कारखाना आला, 2009 मध्ये फोक्सवॅगनचा, आणि आसपास सुट्या भागांचे शेकडो कारखाने. या कारखान्यांनी आपल्या भागात एक नवी जमीन आणली. तिला कामावर सगळे ‘ट्रिमिक्स’ म्हणतात. काँक्रीट ओतायचं, व्हॅक्यूमनं वरचं जास्तीचं पाणी ओढून घ्यायचं, मग यंत्राच्या पात्यांनी घोटायचं. फोर्कलिफ्ट चालते, धूळ होत नाही, जमीन आरशासारखी.

त्याच सुमारास बंगल्यांच्या आणि सोसायट्यांच्या पुढे पेव्हर ब्लॉक आले. त्यांच्यासाठी 2006 मध्ये भारतीय मानकही आलं. आणि मग आलं स्टॅम्प काँक्रीट. हे मूळ कॅलिफोर्नियाचं. तिथे 1950 च्या दशकात ब्रॅड बोमन नावाच्या माणसानं ओल्या काँक्रीटवर ठसे उमटवण्याची हत्यारं विकसित केली. आपल्याकडे ते करणारे हात बऱ्याचदा कारखान्यांच्या जमिनी करून आलेले असतात. आमचा ठेकेदारही चाकणमध्येच शिकलेला होता.

इथे एक फरक समजून घ्या. कारखान्याची जमीन छपराखाली असते आणि तिचा रंग कोणी तपासत नाही. घरापुढची जमीन उघड्यावर असते, मे महिन्याच्या उन्हात असते, आणि तिच्याकडून एकसारख्या रंगाची अपेक्षा असते. मजबुतीसाठी शिकलेलं कौशल्य आपण देखणेपणासाठी वापरतो. दोन्हींचे नियम थोडे वेगळे आहेत.

डाग वाचायचा कसा

पहिला नियम, पाणी. मालात पाणी जास्त पडलं की काँक्रीट फिकट होतं, कमी पडलं की गडद. एका घमेल्यात अंदाजे अर्धा तांब्या जास्त, आणि शेजारी-शेजारी दोन छटा. सरळ रेषेत रंग बदलला असेल तर समजा, तिथे एक माल संपला आणि दुसरा सुरू झाला.

दुसरा, घोटाई. पृष्ठभाग आवळत आला असताना पोलादी पातं पुनःपुन्हा फिरलं, तर तो भाग काळा आणि चकचकीत होतो. अर्धवर्तुळाकार काळे फराटे दिसले, तर ती हाताची किंवा यंत्राची खूण.

तिसरा, सिमेंट आणि बाकीचं साहित्य. आज बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ सिमेंटमध्ये औष्णिक वीजकेंद्राची राख असते. राखेत कार्बन किती, त्यावर छटा बदलते. स्लॅगचं सिमेंट असेल तर सुरुवातीला निळसर-हिरवट झाक येते. लोक घाबरतात. हवा लागली की ती आपोआप जाते. आपल्याकडची क्रश सँड काळ्या पाषाणाची, म्हणून मूळ रंगच गडद. काम अर्ध्यावर असताना दुसऱ्या कंपनीची पोती आली, तर तिथेही छटेची सीमा दिसते. रंगाचंही तसंच. लोहाचे ऑक्साईड उन्हात टिकतात. काजळीपासून केलेला काळा रंग स्वस्त असतो, पण त्याचे कण फार बारीक, ते हळूहळू धुऊन जातात.

चौथा, लवकर आवळण्यासाठी घातलेलं कॅल्शियम क्लोराईड. त्यानं काळे ढग उमटतात. सिमेंटमध्ये लोहाचा एक घटक असतो. त्याची पाण्याशी होणारी प्रक्रिया क्लोराईडमुळे मंदावते, आणि पाण्याशी न मिसळलेला तो घटक काळाच राहतो. अमेरिकेतल्या पोर्टलँड सिमेंट असोसिएशनच्या संशोधकांनी 1960 च्या दशकात यावर बारकाईनं काम केलं, आणि आजचे बरेच उपाय तिथूनच आलेले आहेत.

आणि पाचवा, क्युरिंग. आपल्या भाषेत पाणी मारणं. भारतीय मानक सांगतं, साध्या सिमेंटला किमान 7 दिवस, राखमिश्रित सिमेंटला किमान 10 दिवस, आणि शक्य असेल तर 14 दिवस पृष्ठभाग सतत ओला ठेवा. ‘सतत’ हा शब्द महत्त्वाचा. सकाळी ओलं, दुपारी कोरडं, असं झालं की डाग पडतात. गोणपाट टाकलं तर मजबुती छान येते, पण तागाचा पिवळट रंग काँक्रीटला लागू शकतो. प्लॅस्टिकचा कागद घातला तर जिथे तो चिकटून बसतो तिथे एक छटा, आणि जिथे सुरकुती पडून हवा राहते तिथे दुसरी. कागदाच्या सुरकुत्यांचा नकाशाच खाली उमटतो.

आता तुमच्या लक्षात आलं असेल, माझ्या दारातले डाग कशाचे होते.

एक दिवसाआड पाणी

या शहराला पवना धरणाचं पाणी येतं. नोव्हेंबर 2019 पासून महापालिका ते एक दिवसाआड सोडते. धरणापासून शहरापर्यंत बंद जलवाहिनी टाकण्याला मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला, तेव्हा 9 ऑगस्ट 2011 ला द्रुतगती मार्गावर बऊरजवळ गोळीबार झाला आणि तीन आंदोलक मारले गेले. आपण नळी हातात घेऊन अंगणात पाणी मारतो, त्या पाण्यामागे हे आहे.

मग काँक्रीटला दहा दिवस सतत पाणी कुठून आणायचं? बोअरवेलचं आणायचं तर इथलं पाणी बहुधा जड, क्षारांचं. ते वाळलं की पांढरा थर ठेवतं. टँकर आणायचा तर पैसे. आमच्या ठेकेदारानं काय केलं? ज्या दिवशी पाणी आलं त्या दिवशी भरपूर भिजवलं, आणि पुढच्या दिवशी ओल टिकावी म्हणून वर कागद अंथरला. मी त्याला पाण्याची सोय करून दिली नव्हती. मी विचारलंही नव्हतं. त्यानं त्याच्या अनुभवातलं सगळ्यात शहाणपणाचं काम केलं. तसं केलं नसतं तर तडे गेले असते, आणि तडा काही धुऊन जात नाही.

म्हणजे तो डाग निष्काळजीपणाचा नव्हता. काळजी घेतल्याची ती खूण होती. आणि मी त्याचेच पैसे कापले.

दुरुस्ती : सौम्य उपायाकडून कडक उपायाकडे

पुढे मी काय केलं ते सांगतो, म्हणजे तुम्ही करणार नाही. कोणीतरी सांगितलं, संडास धुवायचं ॲसिड टाका. मी टाकलं, तेही कोरड्या काँक्रीटवर, जसंच्या तसं. फेस आला, वास आला, डोळे चुरचुरले. वाळल्यावर बघतो तर वरचा रंगीत थर खाल्ला गेलेला, वाळूचे कण उघडे, आणि काळपट ढगाच्या जागी पांढुरका खडबडीत चट्टा. आधीचा डाग कदाचित गेला असता. हा जाणार नाही.

योग्य क्रम असा. पहिली गोष्ट, थांबणं. नवीन काँक्रीटचा रंग पहिले काही महिने बदलत असतो, पुष्कळसा फरक ऊन-पावसानं कमी होतो. दुसरी, साधं पाणी आणि ब्रश. धुवा, पूर्ण वाळू द्या, पुन्हा धुवा. ताज्या डागांवर हे जितकं लवकर कराल तितकं चांगलं. तिसरी, अगदी पातळ आम्ल. हायड्रोक्लोरिक असेल तर साधारण 1 टक्का, ॲसेटिक असेल तर 3 टक्के. आधी पृष्ठभाग ओला करायचा, पंधरा मिनिटांच्या आत भरपूर पाण्यानं धुवून काढायचं, हातमोजे आणि चष्मा घालायचा, आणि आम्लात पाणी न ओतता पाण्यात आम्ल ओतायचं. रंगीत काँक्रीटवर हेही आधी कोपऱ्यात, वीतभर जागेवर करून बघायचं. चौथी, हट्टी काळ्या डागांसाठी डायअमोनियम सायट्रेटचं 20 ते 30 टक्क्यांचं द्रावण. हे कोरड्या पृष्ठभागावर लावतात, सुमारे पंधरा मिनिटं ठेवतात, पांढरट जेली तयार होते, ती पाणी घालून ब्रशनं घासून पूर्ण धुतात.

आणखी एक गोंधळ टाळा. वर सीलर मारलेला असेल आणि तो दुधाळ झाला असेल, तर तो काँक्रीटचा डाग नव्हे. ओल खाली अडकलेली आहे. लोण्याच्या बाबतीत जुने गवंडी करायचे तेच इथे करायचं, आधी ओल शोधायची. ओल असताना वरून पुन्हा सीलर मारला तर दूध आणखी घट्ट होतं.

या सगळ्यानंतरही डाग राहिला, तर त्याच्याशी जुळवून घेणारे मार्ग. पूर्ण भागाला रंगीत सीलर किंवा स्टेन देणं, किंवा वर पातळ नवा थर देणं. मधलाच तुकडा फोडून नवा माल भरू नका. नवं सिमेंट जुन्या रंगाशी सहसा जुळत नाही. फोडायचंच असेल तर सांध्यापासून सांध्यापर्यंत पूर्ण चौकोन काढा, म्हणजे निदान फरक रेषेवर थांबतो. गोधडी शिवणारी बाई ठिगळ लावताना कड बघते, तसं.

शेवटी मी ठेकेदाराला फोन केला. तो तेव्हा तळेगावकडे कामावर होता. मी म्हणालो, चूक माझी होती, तुमचे पैसे घेऊन जा. तो जरा गप्प राहिला, मग म्हणाला, “सर, त्या महिन्यात पोरांना पगार द्यायला मी व्याजानं काढले होते.” अठरा हजारांवर दहा महिन्यांचं व्याज मी दिलं. पण ते देऊन सगळं फिटलं असं काही मला वाटत नाही. तो चट्टा आजही दारात आहे. मी त्यावर दुसरा थर दिलेला नाही.

आता प्रश्न घेऊ.

निवडक प्रश्नोत्तरे

प्रश्न : आमच्या मोशीच्या सोसायटीत पेव्हर ब्लॉकवर पांढरी पूड येते. ब्लॉक बदलायचे का?

उत्तर : नाही. तो लोणा आहे. सिमेंटमधला चुना पाण्याबरोबर वर येतो आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साईडनं पांढरा होतो. ब्लॉकची ताकद त्यानं सहसा कमी होत नाही. कोरड्या ब्रशनं झाडा, एक-दोन पावसाळे जाऊ द्या. दरवर्षी एकाच ठिकाणी येत असेल तर तिथे पाणी साठतंय, निचरा बघा. आणि घाईनं सीलर मारू नका.

प्रश्न : नवीन काम देताना भांडण टाळायचं तर लिहून काय घ्यावं?

उत्तर : तीन गोष्टी. एक, प्रत्यक्ष जागेवर, त्याच मालाचा, त्याच हातांचा दोन बाय दोन फुटांचा नमुना करून घ्या आणि काम संपेपर्यंत ठेवा. त्यानंतर तक्रार करायची ती त्या नमुन्याशी तुलना करून. दोन, सगळं सिमेंट आणि रंग एकाच खेपेचा आणा. तीन, दहा दिवसांचं पाणी कोण देणार ते लिहा. टाकी, टँकर की क्युरिंग कंपाउंड, आणि त्याचा खर्च कोणाचा. मी सिमेंटची ग्रेड लिहिली होती, रंगाचा नंबर लिहिला होता, पैसे कधी देणार ते लिहिलं होतं. पाण्याबद्दल माझ्या कागदावर एक ओळसुद्धा नव्हती.